अभ्यासिकेतला फिल्टर: माझा अनुभव

इंदिरानगरातल्या आमच्या अभ्यासिकेला कुणीतरी चार जुने कॉम्प्युटर देणगी दिले आणि नेट जोडायचं की नाही यावरून कमिटीत जुंपली. संध्याकाळी तिथे एमपीएससीची मुलं बसतात, सुटीत सहावी-सातवीची पोरंही येतात. निवृत्त मुख्याध्यापक असलेले आमचे सर ठाम होते. ‘‘काही भलतंसलतं दिसलं तर पालक मला जाब विचारतील, तुला नाही. सगळं ब्लॉक कर.’’ आयटीत नोकरी करतो म्हणून काम माझ्या गळ्यात पडलं.

राउटरमध्ये शब्दावरून साइट अडवायची सोय होती आणि त्यात आधीच कुणीतरी ‘सेक्स’ टाकून ठेवलं होतं. परदेशी शिक्षणाची चौकशी करणाऱ्या एका मुलीला ससेक्स विद्यापीठाची साइट काही केल्या उघडेना. पत्त्यात तीच इंग्रजी अक्षरं येतात ना! बिचारीनं नेट गेलं समजून केबल काढून पुन्हा लावली. ज्या साइटच्या नावात तो शब्द नाही, त्या मात्र बिनधास्त उघडत होत्या.

यावरचा जुना तोडगा मला अजूनही शहाणपणाचा वाटतो: बंदी नको, लेबल लावा. अमेरिकेनं 1996 मध्ये नेटवरच्या ‘अश्लील’ मजकुराविरुद्ध कायदा केला. त्यातली मुख्य कलमं तिथल्या सुप्रीम कोर्टानं 1997 मध्ये रद्द ठरवली. त्याच सुमारास डब्ल्यूथ्रीसी या वेबची मानकं ठरवणाऱ्या संस्थेनं ‘पिक्स’ नावाची पद्धत आणली. साइटवर लेबल लावायचं साइटवाल्यानं किंवा एखाद्या त्रयस्थ संस्थेनं. कितपत चालेल ते ठरवायचं घरच्यांनी. साइट बंद कुणीच करायची नाही. या पद्धतीवर चालणाऱ्या ‘आरसॅकआय’ या रेटिंगमध्ये भाषा, नग्नता, लैंगिकता आणि हिंसा अशा चार बाबी होत्या, प्रत्येकीला 0 ते 4 पायऱ्या. घरात हिंसा 1 पर्यंत चालते पण शिवी अजिबात नको, असंही ठरवता यायचं.

सरांना हे सांगताना ओटीटीचा आधार घेतला. आपल्याकडे 2021 च्या नियमांपासून मालिका सुरू होताना ‘यू/ए 13+’ वगैरे दिसतं, ते प्लॅटफॉर्म स्वतःच ठरवतो. सर म्हणाले, ‘‘म्हणजे सेन्सॉरचं सर्टिफिकेट, फक्त बोर्ड नाही?’’ म्हटलं, ‘‘हो सर, आणि कात्रीही नाही.’’

मग तेच का नाही बसवलं? कारण लेबलं लावली कुणी? फारच थोड्यांनी. तेव्हाच्या इंटरनेट एक्सप्लोरर या ब्राउझरमध्ये ही लेबलं वाचणारा ‘कंटेंट ॲडव्हायझर’ होता. त्यात रेटिंग नसलेल्या साइट दाखवायच्या का, असा एक चौकोन असे. टिक केली नाही तर जवळजवळ सगळं वेब बंद, केली तर फिल्टर नावापुरता. पुढे ‘इक्रा’ या लेबलं देणाऱ्या संस्थेनं हेच काम चालवलं आणि 2010 मध्ये गुंडाळलं.

आता लेबल साइटवाला नव्हे, डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा नेटवरचा पत्ता शोधून देणारी सेवा) पुरवणारी कंपनी लावते. मला ते तितकंसं आवडत नाही, कारण कुठली साइट कशामुळे कुठल्या खान्यात गेली हे आपल्याला कळत नाही. पण निवड तरी आपली राहते. मुलांच्या दोन कॉम्प्युटरवर क्लाउडफ्लेअर या कंपनीचा 1.1.1.3 हा डीएनएस टाकला; तो व्हायरसच्या आणि प्रौढांच्या साइट अडवतो. मोठ्यांच्या दोनवर 1.1.1.2, म्हणजे फक्त व्हायरसवाल्या. राउटरमधली शब्दांची यादी पुसून टाकली. ब्राउझरमधलं ‘सिक्युअर डीएनएस’ बंद करावं लागलं, नाहीतर ते विंडोजमधल्या सेटिंगला वळसा घालू शकतं. सेटिंग बदलता येऊ नये म्हणून मुलांच्या खात्याचे ॲडमिन हक्क काढले.

डीएनएसला फक्त साइटचं नाव कळतं, आतलं पान नाही. म्हणून प्रौढांसाठीचा मजकूर गाळणारे गुगलचा सेफसर्च आणि यूट्यूबचा रिस्ट्रिक्टेड मोड वेगळे चालू केले. त्या मोडमध्ये कॉमेंट्स दिसत नाहीत. माझ्या मते तो बोनसच. मग सरांना मुलांच्या कॉम्प्युटरवर बसवून स्तनाच्या कर्करोगाची माहिती शोधायला लावली. उघडली. ते थोडे अवघडले, पण नंतर स्वतःच मासिक पाळीवरचं पान उघडून बघितलं.

कुठल्या कॉम्प्युटरवर कुठला फिल्टर आहे ते भिंतीवर लिहून लावलंय. खाली एक वही टांगली आहे: साइट अडली तर नाव आणि काम लिहायचं, कमिटीतले दोघं बघून निर्णय लिहितात आणि कारणही तिथेच. वही स्वतःच्या ताब्यात राहील या अटीवर सर राजी झाले. ऑनलाइन रमीची एक साइट मोठ्यांच्या कॉम्प्युटरवर बंद करा, अशी पहिली नोंद त्यांचीच. आम्ही ‘नाही’ लिहिलं. ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

पोरांच्या मोबाइल डेटाला यातलं काहीच लागू होत नाही. ज्या पालकांना हवं होतं त्यांना अँड्रॉइडमधल्या ‘प्रायव्हेट डीएनएस’चं सेटिंग दाखवलं. ज्यांना नको होतं त्यांना आग्रह केला नाही.