पोच घ्यायची राहिली होती

बेळगावात कोर्टाजवळ माझं टेबल आहे. २३ वर्षं झाली. कन्नडातले कागद मराठीत करायचे, मराठीतले कन्नडात, अर्ज लिहायचे, जुनी खरेदीखतं वाचून दाखवायची, मोडीत असली तरी. समोर माणूस बसला की पहिलं वाक्य बहुतेक ठरलेलं असतं, "यात काय लिहिलंय तेवढं सांगा." मी आधी सगळा कागद मोठ्यानं वाचून दाखवतो, पैशाचं नंतर बोलतो. माझ्याआधी या टेबलावर बसणाऱ्या माणसानं लावलेली ही सवय.

गेल्या वर्षी ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात खानापूर तालुक्यातून एक आज्जा आणि त्यांची नात सकाळच्या पहिल्या बसनं आली. १ नोव्हेंबर तोंडावर आलेला. शहरात एकीकडे कर्नाटक राज्योत्सवाचे पिवळे-तांबडे झेंडे लागत होते, दुसरीकडे मराठी लोक त्याच दिवशी पाळतात त्या काळ्या दिनाच्या सायकल फेरीचं बोलणं चाललं होतं. या दोघांना त्यातलं काहीच नको होतं. मुलीचे वडील दोन वर्षांपूर्वी वारले होते, जमीन त्यांच्या नावावर, आणि पौती खातं करून वारसांची नावं उताऱ्यावर चढवायची होती. अर्ज एका कचेरीतून दोनदा परत आला होता. का, ते तिला कुणी सांगितलं नव्हतं. मी कागद उलटा केला तर मागं पेन्सिलीनं कन्नडात दोन शब्द होते. वंशावळीत आईचं नाव नाही. म्हणजे वारलेल्या माणसाची आई, या मुलीची आजी. तेवढ्यासाठी दोन खेपा आणि ऐन भातकापणीतले दोन दिवस गेले होते.

मुलीला कन्नड येत नाही असं नाही. सातवीपर्यंत मराठी शाळा, कन्नड एक विषय, पुढे बी. कॉम. दुकानाची पाटी, बसचा बोर्ड ती सहज वाचते. पण कचेरीचं कन्नड घरात कन्नड बोलणाऱ्यालाही जड जातं. पक्के कन्नड शेतकरीसुद्धा माझ्याकडे कागद समजून घ्यायला येतात. हे मुद्दाम लिहितोय, कारण सीमाभाग म्हटलं की लांबच्या लोकांना वाटतं, इथं शेजारी शेजाऱ्याशी भांडत बसलेला असतो.

"आजीच्या नावाचा काही कागद आहे का?" मी विचारलं. आज्जांनी मांडीवरचं गाठोडं सोडलं. रेशन कार्ड, सोसायटीच्या पावत्या, मुलाच्या लग्नाची पत्रिका. त्यांच्या मधून फुलस्केपचे चार ताव खाली सरकले. कडेला दोऱ्यानं शिवलेले, घडीवर फाटत आलेले, अक्षर कार्बनचं, निळसर. वरची ओळ वाचली आणि मी खुर्ची पुढं ओढली. 'मा. मेहेरचंद महाजन साहेब, सीमा आयोग, यांचे सेवेशी.' खाली गावाचं नाव आणि जानेवारी १९६७.

महाजन आयोगाबद्दल मी इतकं ऐकलंय, भाषणांतून, पत्रकांतून, घरातल्या जेवणाच्या पानावर. पण आयोगाला गावानं दिलेला कागद हातात पहिल्यांदाच येत होता.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. फाजल अली यांच्या राज्य पुनर्रचना आयोगाच्या अहवालानंतर १९५६ चा कायदा झाला आणि १ नोव्हेंबर १९५६ ला मुंबई राज्यातला बेळगाव जिल्हा, चंदगड तालुका वगळून, म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेला. त्याआधीच, १७ जानेवारी १९५६ ला, इथं गोळीबारात माणसं गेली होती. दहा वर्षं अर्ज-विनंत्या झाल्या, सेनापती बापट उपोषणाला बसले, तेव्हा ऑक्टोबर १९६६ मध्ये केंद्रानं एकसदस्य आयोग नेमला. महाजन हे माजी सरन्यायाधीश. १९४७ साली पंजाबच्या सीमा आयोगावरही ते होते, म्हणजे सीमारेषेनं माणसांचं काय होतं ते त्यांनी जवळून पाहिलेलं होतं. ऑगस्ट १९६७ मध्ये त्यांचा अहवाल आला आणि त्याच डिसेंबरात ते वारले.

निवेदनात आधी चार मुद्दे होते. खेडं हा घटक, भौगोलिक सलगता, भाषिक बहुसंख्या, लोकेच्छा. महाराष्ट्राची मागणी याच चार पायांवर उभी आहे, ती आजही कुणी शाळकरी पोर म्हणून दाखवील. त्या ओळींची भाषा छापील पत्रकाची होती, मसुदा कुणी कार्यकर्त्यानं दिला असणार. पण त्याखाली, त्याच हातानं, थोड्या मोठ्या अक्षरात पाचवा मुद्दा होता. 'आमचे जमिनीचे व कोर्टाचे कागद आम्हांस वाचता यावेत. वाचून दाखवणाऱ्याचे पाय धरावे लागू नयेत.'

हे मी मोठ्यानं वाचलं. पुढं मला वाचवेना. या टेबलावर २३ वर्षं माझं घर चाललंय ते कागद वाचून दाखवूनच.

"हे कुणी लिहिलं?"

"मीच की. सातवी पास होतो तवा मी. गावात तिघंच होतो सातवीवाले."

२४ वर्षांचा तो पोरगा स्टँप पॅड घेऊन घरोघर फिरला होता. उरलेले अडीच ताव अंगठ्यांनी भरलेले. मूळ प्रत साहेबांकडे जाणार म्हणून लोकांनी अंगठा एकदाच द्यायचं म्हटलं, पण यानं प्रत्येकाला कार्बनच्या प्रतीवरही उठवायला लावला, गावाकडं काहीतरी राहावं म्हणून. जांभळे अंगठे फिके होत होत तिसऱ्या तावाच्या मध्यावर जवळजवळ दिसेनासे होतात आणि तिथून एकदम काळे सुरू होतात. पॅड वाळलं म्हणून चिमणीची काजळी तेलात कालवली होती. काजळीचे अंगठे आजही लखलखीत आहेत, एकेक रेघ मोजता येते. एका अंगठ्याला मधून आडवा चर आहे, विळ्याचा वण. आज्जा त्यावर बोट ठेवून म्हणाले, "ह्यो माजा बा."

तिसऱ्या तावावर सात सह्या कन्नडात आहेत. मी विचारलं, तर गावाच्या खालच्या आळीतली लिंगायत घरं ती. त्यांनी निवेदन वाचून घेतलं, पहिल्या चार मुद्द्यांवर मान हलवली नाही, पाचव्यावर हलवली, आणि सही केली. असं आज्जा म्हणाले. मी त्यावर माझी मल्लिनाथी करत नाही.

आणि शेवटच्या तावावर, बायकांच्या ओळीत, आजीचं नाव होतं. स्वतःचं, नवऱ्याचं आणि सासऱ्याचं. अंगठा बारीक. लग्न होऊन वर्ष झालेलं. कचेरीला हवा होता तो पुरावा म्हणून हा कागद चालणार नव्हता हे मला कळत होतं, रेशन कार्डावर भागणार होतं. पण नात तो अंगठा किती वेळ बघत राहिली.

मग आज्जांनी सरळ विचारलं, "मास्तर, ह्येचं उत्तर काय आलं न्हाई. तुमच्याकडं आलंय काय कुठं?"

माझ्या कपाटात अहवालाची झेरॉक्स आहे, एका वकिलांनी दिलेली. उघडली. निपाणी, खानापूर, नंदगडसह २६४ गावं महाराष्ट्राला द्यावीत, बेळगाव शहर म्हैसूरकडेच ठेवावं, महाराष्ट्रातली अक्कलकोट वगैरे भागातली २४७ गावं म्हैसूरला द्यावीत, अशा त्या शिफारशी. मला त्या पाठ होत्या. यादीत बोट फिरवत गेलो. आज्जांचं गाव त्यात होतं.

खरं सांगतो, यादी मिटून ठेवावी असं मला क्षणभर वाटलं. ५७ वर्षं झाली होती. पण माणूस तेवढंच विचारायला बसला होता, आणि जे लिहिलंय ते वाचून सांगायचं हे माझं काम. मी सांगितलं. आज्जा, तुमचं गाव महाराष्ट्राला द्या असं साहेबांनी लिहिलं होतं.

"मग?"

मग बेळगाव नाही म्हणून महाराष्ट्रानं अहवाल नाकारला. कर्नाटक म्हणतं, तोच शेवटचा शब्द. आयोग नुसती शिफारस करतो, राज्याची हद्द बदलायचा अधिकार घटनेच्या तिसऱ्या कलमानं संसदेचा, आणि संसदेनं काही केलं नाही. २००४ साली महाराष्ट्र ८६५ गावांचा दावा घेऊन सुप्रीम कोर्टात गेला, तो तिथं पडून आहे. हा विषय कोर्टाचा की संसदेचा, यावरच वाद. हे सगळं मी त्यांना सोपं करून सांगितलं.

ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "बेळगाव तकडं आनी आमी हिकडं, म्हंजे भात कुठं घालायचं? दवाखाना कुठला? पोरं शाळंला कुठं?" थोडं थांबून, "नको म्हटलं ते बरोबरच असंल. पर आमाला इचारायचं तरी. न्हाईतर सांगायचं तरी. अंगठं आमचं हुतं."

यात मला एक अक्षरही वाढवावंसं वाटत नाही. महाराष्ट्रानं नाकारलं ते चूक, असं मी म्हणणार नाही. बेळगावशिवाय खानापूर म्हणजे ओसरीशिवाय घर, हे इथं राहणाऱ्याला समजावून सांगावं लागत नाही. पण काजळी कालवून ज्यांनी अंगठे दिले, त्यांच्या गावाचं नाव यादीत होतं, ही साधी गोष्ट त्या गावात अर्ध्या शतकात कुणीच जाऊन सांगू नये? आयोगानं नाही, या सरकारनं नाही, त्या सरकारनं नाही. आणि आम्हीही नाही. मी स्वतः दर १७ जानेवारीला हुतात्म्यांना अभिवादन करायला जातो, आणि ही यादी दहा वर्षं माझ्या कपाटात होती. आज्जांच्या गावचे निदान पन्नास जण त्या काळात माझ्या टेबलावर येऊन गेले असतील. याचं मला वाईट वाटतं.

त्या दिवशी मी टेबल बंद केलं. वंशावळ नव्यानं लिहिली, आजीचं नाव घालून, कन्नडात. सोबत मराठीत एक अर्ज जोडला, अर्ज परत करायचा झाल्यास कारण लेखी द्यावं आणि ते आम्हांला समजेल अशा भाषेत द्यावं, असा. राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत गाऱ्हाणं मांडता येतं, हे घटनेच्या ३५० व्या कलमात आहे. ज्या तालुक्यात अल्पसंख्य भाषा बोलणारे १५ टक्के किंवा अधिक आहेत तिथं नोटिसा त्यांच्या भाषेतही काढाव्यात, हेही ठरलेलं आहे. हे मी शेकडो अर्जांत लिहिलंय. त्या दिवशी लिहिताना मात्र ती पाचवी ओळ डोळ्यांपुढं होती, आणि आज्जांना विचारून ती जशीच्या तशी अर्जात घातली.

मीही त्यांच्याबरोबर बसनं खानापूरला गेलो. खिडकीवर एक बाई होत्या, कन्नड बोलणाऱ्या. आज्जांना बघून त्यांनी आतली खुर्ची बाहेर आणवली, "अज्जा, कुंदरी" म्हणाल्या. कन्नड कागद तपासले, मराठी अर्ज सावकाश, ओठ हलवत वाचला, बाजूला ठेवला नाही. नोंद झाली.

"आता जावा, झालं," त्या मोडक्या मराठीत म्हणाल्या.

आज्जा उठले नाहीत. "पोच द्या," म्हणाले. "तवा पोच घ्यायची राहिली हुती."

बाईंना काय राहिलं होतं ते कळलं नाही. त्यांनी दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारला, तारीख घातली, सही केली. शाई ओली होती. आज्जांनी कागद घडी न करता दोन्ही हातांत धरला, शिक्क्यावर हलकी फुंकर मारत राहिले. वाळल्याची खात्री झाल्यावर गाठोडं सोडलं आणि तो त्या चार तावांच्या वर ठेवला.