पोस्टरच्या तळाच्या चार ओळी

माध्यमशिक्षणाच्या पदवी अभ्यासक्रमात लघुपटाबरोबर त्याचे पोस्टरही सादर करावे लागते. आमच्या बेळगावातील ओळखीची मुले असे पोस्टर दाखवायला आणतात, तेव्हा माझी नजर नायकाच्या चेहऱ्याआधी तळाच्या श्रेयनामावलीवर जाते. मोबाइलवर काढलेले छायाचित्र बहुधा चांगलेच असते. पोस्टर खोटे वाटते ते अक्षरांमुळे.

हॉलिवूडच्या पोस्टरवरील श्रेयनामावलीची अक्षरे उंच आणि अरुंद असतात, याचे कारण करारांत आहे. कोणाचे नाव शीर्षकाच्या आकाराच्या किती टक्के असावे हे करारात ठरलेले असल्याने उंची राखून रुंदी कमी करण्याची युक्ती रूढ झाली, आणि आज तोच आकार प्रेक्षकाला सिनेमाची खूण वाटतो. मराठीत मात्र नेहमीचा फाँट आडवा दाबून हे साधत नाही, कारण काने बारीक होतात, शिरोरेखा पूर्वीइतकीच जाड राहते आणि सगळी ओळ विजोड दिसते. त्यापेक्षा ‘खंड’ किंवा ‘टेको’ यांसारखे मुळातच अरुंद घडवलेले मोफत फाँट घ्यावेत. अक्षरांतील अंतर वाढवण्याचा इंग्रजी व्हिडिओंतील सल्लाही येथे घातक ठरतो, कारण त्याने शिरोरेखेचे तुकडे पडतात.

बेळगावातल्याच वडगावच्या मागावर काम करणाऱ्या विणकराची गोष्ट सांगणाऱ्या लघुपटाचे शीर्षक आमच्या भागात मराठी आणि कन्नड अशा दोन्ही लिप्यांत द्यावे, असे माझे मत आहे, कारण तो पाहणाऱ्या वर्गात दोन्ही भाषांची मुले बसलेली असतात. (कोणती लिपी वर आणि कोणती खाली, यावर आमच्याकडे लघुपटाहून मोठा वाद रंगू शकतो, तो दिग्दर्शकाने आधीच मिटवावा.) ‘बलू’ या फाँटकुटुंबात देवनागरी आणि कन्नड या दोन्ही लिप्या एकाच वळणाने घडवलेल्या असल्याने शीर्षके एका घरातली वाटतात. तरीही दोन्हींना सारखाच पॉइंट आकार देऊन भागत नाही. कन्नड अक्षरे गोलसर असतात, त्यांना सलग शिरोरेखा नसते आणि जोडाक्षराचा दुसरा भाग बहुधा ओळीखाली लटकतो, म्हणून आकार आणि ओळींमधील अंतर डोळ्यांनीच जुळवावे लागते. कन्नड शुद्धलेखन मात्र कन्नड माध्यमातून शिकलेल्या मित्राकडूनच तपासून घ्यावे.

चित्राबाबत मी कमी बोलतो, कारण त्यासाठी शेजारच्या कोल्हापूरची परंपरा पुरेशी बोलकी आहे. नाटकांचे पडदे रंगवत चित्रपटाकडे वळलेले बाबूराव पेंटर आपल्या चित्रपटांची पोस्टर्सही रंगवत. पडदा रंगवणाऱ्याला शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकाचा विचार करावाच लागतो, आणि पोस्टरलाही तोच विचार हवा. विणकर, माग, मुलगी, सावकार आणि पाऊस हे सगळे एकाच चौकटीत कोंबण्यापेक्षा धाग्यावरचा एक हात पुरेसा असतो.

खरेपणाच्या नादात सेन्सॉरचे चिन्ह लावण्याचा मोह अनेकांना होतो, त्याला माझा स्पष्ट विरोध आहे. 2024 च्या नियमांनंतर ‘यूए’चे, म्हणजे मुलांनी पालकांच्या मार्गदर्शनाने पाहायच्या चित्रपटांच्या प्रमाणपत्राचे, 7, 13 आणि 16 वर्षे असे तीन गट झाले आहेत. वर्गापुरत्या लघुपटाने प्रमाणपत्रच घेतलेले नसेल, तर त्यातला कोणताही छापणे ही लबाडी आहे, आणि महोत्सवात निवड झाल्याची खूण म्हणून पोस्टरवर छापतात त्या पानांच्या माळा निवड न होताच लावण्यालाही हेच लागू पडते. त्या जागी महाविद्यालयाचे नाव आणि वर्ष शोभून दिसते.

अमेरिकी पोस्टरचा प्रचलित आकार 27 बाय 40 इंचांचा असतो, तर मुलांना परवडतो तो ए3, जो प्रमाणाने किंचित रुंद आहे. म्हणून मांडणी सुरुवातीपासून ए3 वरच करावी आणि कापणीसाठी चारही बाजूंना 3 मिलिमीटर जास्तीचे चित्र सोडावे. पडद्यावर झळकणारा निळा आणि हिरवा रंग छपाईच्या चार शाईंत फिका पडतो, त्यामुळे आधी ए4 वर एक नमुना काढून तो दिवसाच्या उजेडात पाहावा आणि मगच छपाईवाल्याला होकार द्यावा.