अण्णा, दर्जेदार कोण विचारतंय?

बुधवार, रात्री

आज सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलवाल्या अण्णांकडं गेलते. माल एक नंबर, पण ऑनलाइन ऑर्डर येत नाही म्हणून मला बोलवलेलं. बसल्या बसल्या म्हणाले, मॅडम एकदम जोरदार लिहा, दर्जेदार, टिकाऊ, खात्रीशीर सगळं आलं पाहिजे.

आता जोरदार लिहायचं तर माझं कामच होतं ते. कॉलेजात पोरांना वक्तृत्वाची भाषणं लिहून द्यायचे, मग इलेक्शनची पॅम्प्लेटं, एका वॉर्डात तर दोन्ही पार्ट्यांची (दोघांनी पैसे वेळेवर दिले, हे महत्त्वाचं), रिक्षावर स्पीकर लावून फिरतात त्यातलं पण. त्यातनंच एका दुकानाच्या गुगल ॲड्सचं काम आलं. तिथं हेडलाइनला 30 अक्षरं, डिस्क्रिप्शनला 90. सगळी विशेषणं तिथंच गळाली.

मी अण्णांना म्हटलं लिहायचं नंतर बघू, आधी व्हॉट्सॲप दाखवा, गिऱ्हाईक काय विचारतंय ते. तासभर नुसतं वाचत बसले. रंग जातो का, जीएसएम (एक चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन) किती, लॉजसाठी पांढरा मिळेल का, कमीत कमी किती पीस घ्यावे लागतील. दर्जेदार आहे का असं एकानं पण विचारलेलं नाही. एका बाईची तक्रार होती, नवा टॉवेल पाणीच ओढत नाही म्हणून, तर अण्णा सहज म्हणाले, फिनिशिंगला सॉफ्टनर असतंय ओ, दोनतीनदा धुतलं की ओढतंय. अहो मग हे लिहा ना कुठंतरी! तसंच जीएसएमचं, जास्त असला की टॉवेल जाड, पाणी जास्त ओढतो पण वाळायला वेळ लावतो, म्हणजे रोज धुणाऱ्या लॉजवाल्याला सगळ्यात जाड टॉवेल कशाला विकायचा?

कंटेंट स्ट्रॅटेजी म्हणून मी पैसे घेते ते ह्याचेच, कोण काय विचारतंय आणि कशाचं उत्तर आधी द्यायचं. रोज एक रील टाका म्हणणारे भरपूर आहेत, टाकू देत त्यांना.

अण्णांना मात्र पटलं नाही. सगळं उघड सांगितलं तर पलीकडचा रेट पाडतोय म्हणाले. त्यांचं पण खोटं नाही, म्हणून रेट साइटवर टाकायचा नाही असं ठरलं, बाकी सगळं टाकायचं. सोलापुरी चादरीसारखा आपल्या टेरी टॉवेलला पण जीआय (भौगोलिक ओळखीचा सरकारी टॅग) आहे, ते खाली एका ओळीत येईल. पहिलं पान पांढऱ्या टॉवेलचं. पुण्याचा एक लॉजवाला जीएसएम विचारून गप्प बसलाय, उद्या सकाळी त्यालाच समोर धरून लिहिते.