दोन कोटींच्या घराला पगार किती लागतो?

रविवार, रात्री

‘माझा पगार इतका, मला केवढं घर परवडेल?’ हा प्रश्न बँकेच्या सोयीचा आहे. हिशेब घराकडून पगाराकडे करावा, म्हणून आज तसाच मांडतोय. घर मुलुंडचं, दोन कोटींचं, ओसी (राहण्यायोग्य असल्याचा पालिकेचा दाखला) मिळालेलं टू बीएचके.

आधी रोकड, कारण बहुतेकांचं गणित हप्त्याच्या अलीकडेच अडतं. ७५ लाखांच्या वरच्या कर्जाला रिझर्व्ह बँकेच्या नियमाने घराच्या किमतीच्या ७५ टक्केच मिळतात. म्हणजे कर्ज दीड कोटी, खिशातले ५० लाख. स्टॅम्प ड्युटी ६ टक्के, १२ लाख (चेकनाका ओलांडून ठाण्यात गेलं की ७ टक्के). नोंदणी ३० हजार. दलाली एक टक्का धरली तरी २ लाख. हे सगळं कर्जात बसत नाही. किचन, कपाटं, पंखे-दिवे, सामान हलवणं यांना दहाएक लाख. ७५ लाख हातात नसतील तर पगार कितीही असो, बोलणं पुढे सरकत नाही. बांधकाम चालू असलेलं घर घेतलं तर ५ टक्के जीएसटीचे आणखी १० लाख, शिवाय ताबा मिळेपर्यंत भाडं आणि प्री-ईएमआय (उचललेल्या कर्जावरचं नुसतं व्याज) दोन्ही.

घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर स्टॅम्प ड्युटीत एक टक्का, म्हणजे २ लाख वाचतात. नवऱ्याचं नाव करारात आलं की ही सवलत गेली.

इथे एक खड्डा हमखास लागतो. बँक कराराची किंमत आणि स्वतःचं मूल्यांकन, यातला कमी आकडा धरते. मूल्यांकन १ कोटी ८५ लाखांचं आलं तर कर्ज १ कोटी ३८ लाख ७५ हजारांवर थांबतं आणि उरलेले सव्वाअकरा लाख ऐन वेळी उभे करावे लागतात. टोकन देण्याआधी त्याच इमारतीत बँकेने अलीकडे काय भाव धरलाय, ते विचारून घ्यावं.

आता हप्ता. साडेआठ टक्के, २० वर्षं: लाखाला ८६८ रुपये, दीड कोटीला सुमारे १,३०,२००. पहिल्या हप्त्यातले १,०६,२५० व्याजात जातात, मुद्दल फिटतं जेमतेम २४ हजार. वर मेंटेनन्स आणि मालमत्ता कर मिळून महिन्याला दहाएक हजार. एकूण १ लाख ४० हजार.

मोठ्या पगाराला बँका हातात येणाऱ्या रकमेच्या ६० टक्क्यांपर्यंत हप्ता मान्य करतात. त्या मापाने महिना २ लाख १७ हजार हातात आले की कर्ज मंजूर. म्हणजे वर्षाला साधारण ३३ लाखांचा पगार. माझं माप ४० टक्क्यांचं, तेही मेंटेनन्स धरून. त्याने हातात साडेतीन लाख हवेत. २०२५-२६ च्या नव्या करप्रणालीत ५० लाखांच्या वर करावर १० टक्के अधिभारही लागतो, पीएफ कापला जातो. तेव्हा पगार ६० लाखांच्या आसपास हवा. बँकेच्या आणि घरच्या हिशेबात जवळजवळ दुपटीचा फरक. कर्ज मंजूर झालं म्हणजे घर परवडलं असं धरणारे याच दरीत सापडतात.

आधीचे हप्तेही बघायचे. गाडीचा २५ हजारांचा हप्ता चालू असेल तर घरकर्जाची पात्रता जवळपास २९ लाखांनी घटते. तीन-चार वर्षांत फिटणारी गाडी वीस वर्षांच्या कर्जाला कात्री लावते, म्हणून शक्य असेल तर अर्जाआधी ती फेडून टाकावी.

व्याजदर कायम राहील असं धरणं तर सरळ भाबडेपणा. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ मध्ये रेपो दर (रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना कर्ज देते तो) ४ टक्क्यांवरून साडेसहावर गेला होता. साडेआठचे साडेनऊ झाले तर हप्ता साडेनऊ हजारांनी वाढतो. हप्ता तोच ठेवून मुदत वाढवली तर २० ची पावणेसव्वीस वर्षं होतात. दर वाढल्याचं बँकेचं पत्र आलं की हप्ता वाढवून घ्यावा. मुदत वाढलेली दिसत नाही, म्हणूनच ती महाग पडते.

दोघं कमावते असतील तर कर दोन जागी विभागतो, त्यामुळे प्रत्येकी २६ लाख, मिळून ५२ पुरतात. पण एकाची नोकरी गेली किंवा बाळंतपणानंतर बिनपगारी रजा वाढली, तर दुसऱ्याच्या हातातल्या पावणेदोन लाखांतून घराचे १ लाख ४० हजार जाऊन पस्तीसेक हजार उरतात. त्यात किराणा, शाळेची फी आणि आईवडिलांची औषधं. म्हणून सहा महिन्यांच्या हप्ता-मेंटेनन्सचे साडेआठ लाख एफडीत वेगळे हवेत, आणि ते वरच्या ७५ लाखांत धरायचे नाहीत.