व्हिलेज व्हॅनगार्डच्या तळघरात

न्यूयॉर्कच्या ग्रीनिच व्हिलेजमध्ये सेव्हन्थ ॲव्हेन्यू साउथवर १७८ नंबरचं दार आहे. वर निऑनची पाटी, खाली अरुंद जिना. व्हिलेज व्हॅनगार्ड या जॅझ क्लबचं नाव मी कॉलेजपासून रेकॉर्डच्या कव्हरांवर वाचत आलो होतो, त्यामुळे डोक्यात एक भलंमोठं सभागृह होतं. जिना उतरलो आणि समोर आलं एक तिरकं, त्रिकोणी तळघर. आत १२३ माणसं मावतात. त्रिकोणाच्या निमुळत्या टोकाला स्टेज, मागे लाल पडदा, आणि टेबलं इतकी खेटून की शेजारच्याच्या ग्लासला कोपर लागू नये म्हणून अंग चोरून बसावं लागतं. जेवण मिळत नाही. स्वयंपाकघर आहे, पण तिथे कलाकार बसतात.

मॅक्स गॉर्डनने १९३५ मध्ये या जागेत क्लब थाटला, तेव्हा इथे कविता वाचल्या जात, लोकगीतं होत. पूर्णपणे जॅझकडे वळायला १९५७ उजाडलं. त्याच वर्षी ३ नोव्हेंबरला सनी रॉलिन्सने इथे पियानोशिवाय, फक्त बेस (उभ्याने वाजवायचं मोठं, खर्जाचं तंतुवाद्य) आणि ड्रम्स सोबत घेऊन सॅक्सोफोन वाजवला आणि त्याचं रेकॉर्डिंग झालं. इथलं ते पहिलं. पुढे इथल्या रेकॉर्डिंगची रांगच लागली.

माझं सगळ्यात लाडकं २५ जून १९६१ चं. पियानोवर बिल एव्हान्स, बेसवर स्कॉट लाफारो, ड्रम्सवर पॉल मोशियन. रविवार होता, दुपारीही वाजवलं आणि रात्रीही. रेकॉर्ड नीट ऐकली तर मागे ग्लासांची किणकिण आणि लोकांची कुजबुज ऐकू येते. खाली बसल्यावर उमगलं की ही कुजबुज टाळणं अशक्यच होतं. शेवटचं टेबलसुद्धा स्टेजपासून हाकेच्या अंतरावर आहे. लाफारो अकरा दिवसांनी मोटार अपघातात गेला, वय पंचवीस.

त्याच वर्षी, १९६१ च्या नोव्हेंबरात, सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन इथे वाजवत होता. त्यातल्या एका रचनेचं नाव 'इंडिया'. रविशंकरांच्या सतारीचा नाद त्याला लागलेला होता. पुढे मुलाचं नावही त्याने रवी ठेवलं. या रचनेत दोन डबल बेस एकाच स्वराभोवती रेंगाळतात आणि सॅक्सोफोन वर बढत करत राहतो. आपल्या कानाला लगेच तानपुरा ओळखू येतो. राग वगैरे म्हणायला मी धजणार नाही, पण बैठकीची तब्येत आहे. त्याच महिन्यात एका अमेरिकी मासिकाने त्याच्या वादनाला 'जॅझविरोधी' ठरवलं होतं, हेही सांगायला हवं.

दुसऱ्या दिवशी पायी निघालो. कूपर स्क्वेअरला फाइव्ह स्पॉट हा जुना जॅझ क्लब शोधत गेलो, पण तिथे पाहण्यासारखं काही उरलेलं नाही. १९५७ मध्ये पियानोवादक थेलोनियस मंक इथे महिनोन्महिने वाजवत होता, सोबत कोल्ट्रेन. मंकचं ते पुनरागमन होतं, कारण त्याआधीची सहा वर्षं त्याला न्यूयॉर्कच्या क्लबांत वाजवताच येत नव्हतं. दारू मिळते अशा ठिकाणी काम करायचं तर पोलिसांकडून 'कॅबरे कार्ड' घ्यावं लागे, बोटांचे ठसे देऊन. १९४० ते १९६७ हा नियम चालला. ड्रग्जच्या प्रकरणात नाव आलं की कार्ड गेलं, म्हणजे पोट गेलं. गायिका बिली हॉलिडेचं १९४७ मध्ये गेलं. त्या काळातल्या धुरकट, रोमँटिक छायाचित्रांमध्ये हे कार्ड कुठेच दिसत नाही, आणि म्हणून ती छायाचित्रं मला आता थोडी खोटी वाटतात.

ब्रॉडवेवर १६७८ नंबरला जुनं बर्डलँड होतं, तोही जॅझ क्लबच. सॅक्सोफोनवादक चार्ली पार्करच्या 'बर्ड' या टोपणनावावरून १९४९ मध्ये सुरू झालेलं. ऑगस्ट १९५९ मध्ये ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस वादनाच्या मध्यंतरात बाहेर फुटपाथवर उभा होता. पोलिसाने हटकलं, 'मी इथेच वाजवतोय' असं सांगूनही त्याचं डोकं फोडलं. त्याची सर्वांत गाजलेली रेकॉर्ड बाजारात येऊन जेमतेम आठवडा झाला होता! जवळच्याच बावन्नाव्या रस्त्यावर एकेकाळी घराघराच्या तळमजल्यावर क्लब होते. आता काचेचे टॉवर आणि 'स्विंग स्ट्रीट' अशी एक पाटी.

जायचं असेल तर सोमवारी व्हॅनगार्डलाच जा. १९६६ पासून दर सोमवारी इथे बिग बँड, म्हणजे मोठा जॅझ वाद्यवृंद, वाजवतो. तेवढ्याशा स्टेजवर सोळा वादक कसे मावतात ते बघण्यासारखं आहे. पुढच्या टेबलावर बसलात तर ट्रोम्बोन थेट कानात. तिकीट आधी काढून ठेवा, आत गेल्यावर एक तरी ड्रिंक घ्यावं लागतं, आणि वाजवणं सुरू असताना फोन बाहेर काढू नका, लगेच कोणीतरी येऊन दटावतं. १९६१ ला एवढी शिस्त असती तर माझ्या लाडक्या रेकॉर्डमधली कुजबुज गेली असती, एवढीच माझी तक्रार.