मागाच्या खडखडाटातल्या गप्पा
आज इचलकरंजीत, मामा कामाला आहेत त्या यंत्रमागाच्या शेडमध्ये गेले होते. धोटा, म्हणजे धाग्याची कांडी घेऊन मागावर इकडून तिकडे धावणारा तुकडा, असा आपटत असतो की शेजारी उभ्या माणसाचं बोलणंही कानापर्यंत पोचत नाही. तरी तिथं दिवसभर गप्पा चालतात! मामा ओरडत नाहीत. समोर येऊन तोंड दाखवतात, ओठ मोठे हलवतात, दोनच शब्द वापरतात: 'कांडी संपली', 'धागा तुटला'. ऐकणारा बोटांनी तेच परत करून दाखवतो, म्हणजे कळल्याची खात्री.

गोंगाटात माणसाचा आवाज आपोआप चढतो, हे फ्रेंच डॉक्टर एतिएन लोंबार यांनी १९११ मध्ये मांडलं. बोलणाऱ्याचा चेहरा दिसला तर गोंगाटातही शब्द कितीतरी जास्त कळतात, हे १९५४ च्या एका प्रयोगात दिसलं. या माणसांनी ते कुणी न शिकवता साधलंय. मला फार अभिमान वाटला.

पण काळजीही वाटतेय. अशा आवाजात वर्षं गेली की आधी स, श, फ असे बारीक आवाज निसटायला लागतात. मामा हल्ली घरात, शांत खोलीतही माझ्या ओठांकडे बघूनच ऐकतात. उद्या त्यांना कान तपासायला नेतेय. शेड चालवणाऱ्यांनो, कामगारांना इअरप्लग द्या, आणि ते वापरतात ना हेही बघा.