बेसांव घेत ओल्ड गोव्याला

सावंतवाडीहून ओल्ड गोव्याला चालत जायचं म्हणजे साठ-पासष्ट किलोमीटर. पंढरीच्या वारीपुढे हे काहीच नाही, आणि आम्ही त्याला वारी म्हणतही नाही. "सायबाकडे चालत जातो" एवढंच म्हणतो. सायब म्हणजे गोंयचो सायब, संत फ्रान्सिस झेवियर. ३ डिसेंबरला त्याचं फेस्त, म्हणजे सण, आणि त्याआधी २४ नोव्हेंबरपासून नऊ दिवस नोव्हेना, म्हणजे प्रार्थना. त्या दिवसांत बेळगावहून, कारवारहून, आमच्या सिंधुदुर्गातून जथेच्या जथे रस्त्याला लागलेले असतात. बेळगावचे लोक चोर्ला घाट उतरून येतात, त्यांच्यापुढे आमची चाल म्हणजे फेरफटकाच.

पण निघण्याआधी बेसांव, म्हणजे आशीर्वाद. त्याशिवाय कोणी गेटबाहेर पाय टाकत नाही. पहाटे अंधारात चर्चच्या आवारात फादर आले, आणि आशीर्वादासाठी काय काय पुढे आलं ते बघण्यासारखं होतं. माणसं तर होतीच. शिवाय काठ्या, नवे कोरे बूट (चालायला कधीही नवे बूट घालू नयेत, पण सांगणार कोणाला), जपमाळा, सामानाचा टेम्पो, पाण्याचे जार, आणि एका मावशीने पुढे केलेली वेदनाशामक मलमाची ट्यूब. फादरांकडे पवित्र पाणी होतं पाण्याच्या साध्या प्लॅस्टिक बाटलीत, झाकणाला दाभणाने भोकं पाडलेली. त्यांनी प्रार्थना म्हटली, हवेत क्रूस काढला आणि बाटली अशी झटकली की पहिल्या रांगेतल्या पोरांचे चष्मे ओले झाले. टेम्पोवाल्याने बोनेट उघडून इंजिनावरही चार थेंब मारून घेतले.

मी मागे उभा होतो. मुद्दामच. वडिलांच्या अंत्यविधीच्या वेळी एका धर्मगुरूने मला शवपेटीशेजारी उभं करून थकलेल्या वर्गणीचा हिशेब विचारला होता. हे आमच्या गावातलं नव्हे, आणि कुठलं ते सांगणार नाही. विधी नीट झाला, प्रार्थना सगळ्या झाल्या, पण त्यांनी पेटीवर क्रूस काढला तेव्हा माझ्या मनात आलं, ह्या हाताचं काय घ्यायचं? तेव्हापासून मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, चुकवली नाही, पण धर्मगुरूपुढे डोकं वाकवून "बेसांव दियात" म्हणणं सोडून दिलं होतं. शेवटचा आशीर्वाद सुरू झाला की मी दारातल्या चपला शोधायला लागायचो.

इन्सुलीचा घाट उतरताना आमच्या जथ्यातल्या निवृत्त फादरांशी गाठ पडली. सत्तरी ओलांडलेले, पांढरा झगा नाही, साधा शर्ट, डोक्याला गमछा, पायात कॅनव्हासचे बूट. ते फादर आहेत हे कळायचं कारण एकच. दर दोनशे-तीनशे पावलांवर कोणीतरी त्यांना थांबवायचं. मागून पळत येऊन एखादी बाई म्हणायची, "पाद्र, बेसांव दियात." ते थांबायचे, काठी बगलेत धरायचे, उजवा हात तिच्या डोक्यावर ठेवायचे, ओठ हलायचे, अंगठ्याने कपाळावर छोटासा क्रूस, आणि पुन्हा चाल सुरू. त्यांच्या झोळीत ग्लुकोज बिस्किटांच्या पुड्याशेजारी एका प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घातलेली स्तोला होती, म्हणजे धर्मगुरू गळ्यात घालतात ती पट्टी, एका बाजूने पांढरी, एका बाजूने जांभळी. कोणाला पापनिवेदन करायचं असेल तर ते जांभळी बाजू वर करून गळ्यात घालायचे आणि त्या माणसाला घेऊन बाकीच्यांपासून वीसेक पावलं मागे राहायचे. हायवेच्या कडेने, ट्रक अंगावरून जात असताना, दोघं चालत बोलत असायचे. लांबून बघणाऱ्याला वाटावं जमिनीच्या वादाबद्दल चाललंय.

बांद्याला चहा घेताना मी त्यांना माझी वर्गणीची गोष्ट सांगितली. मला वाटलं, ते त्या धर्मगुरूची बाजू घेतील किंवा त्याच्या वतीने माफी मागतील. दोन्ही केलं नाही. बशीत चहा ओतत म्हणाले, "वाईट झालं. पण तुझ्या वडिलांना त्याने काही स्वतःच्या खिशातलं दिलं नव्हतं."

मग त्यांनी जे सांगितलं ते मला धर्मशिक्षणाच्या वर्गात कोणीतरी सांगितलं असणारच, पण तेव्हा माझं लक्ष बाहेरच्या क्रिकेटकडे होतं. चौथ्या शतकात उत्तर आफ्रिकेत ह्याच प्रश्नावरून ख्रिस्तसभा, म्हणजे चर्चची संस्था, दुभंगली होती. छळाच्या काळात काही धर्मगुरूंनी घाबरून पवित्र ग्रंथ सरकारच्या हवाली केले होते. छळ संपल्यावर डोनाटस नावाच्या धर्माध्यक्षाचे अनुयायी म्हणू लागले की असल्या माणसांनी दिलेले संस्कार फुकट. संत ऑगस्टीनने त्यांना उत्तर दिलं, की ख्रिस्ताच्या पट्टशिष्याने, पेत्राने बाप्तिस्मा दिला तरी देणारा ख्रिस्तच, आणि त्याला दगा देणाऱ्या यहूदाने दिला तरी देणारा ख्रिस्तच. देणाऱ्याच्या चारित्र्यावर संस्कार टांगलेला असता तर आपल्यापैकी कोणालाच आपला बाप्तिस्मा झाला की नाही ह्याची खात्री देता आली नसती.

"म्हणजे हात कोणाचाही असो?" मी विचारलं.

"साक्रामेंताला, हो. बेसांवाचं थोडं वेगळं." सात साक्रामेंतं, म्हणजे बाप्तिस्म्यासारखे संस्कार, ख्रिस्ताची स्वतःची कृती मानली जातात, ती आपोआप लागू होतात. आशीर्वाद त्यांत मोडत नाही. ती ख्रिस्तसभेची प्रार्थना. धर्मगुरू ती सगळ्यांच्या वतीने करतो, आणि घेणारा किती मोकळ्या मनाने उभा आहे ह्यावर तिचं फळ अवलंबून असतं. "त्यामुळे तुझ्या बाबतीत अडलंच असेल काही," ते म्हणाले, "तर ते त्याच्या बाजूने नव्हे." हे मला लागलं. खरं सांगायचं तर आवडलंही नाही. त्यांनी एवढ्या सहज बोलायला नको होतं. मी चहाचे पैसे दिले आणि पत्रादेवीपर्यंत त्यांच्या पुढे पुढे चालत राहिलो.

पत्रादेवीला गोव्याची हद्द लागते. १५ ऑगस्ट १९५५ ला इथे सत्याग्रहींवर पोर्तुगीज पोलिसांनी गोळ्या झाडल्या, त्यांचं स्मारक आहे. आमच्यातले बरेच जण तिथे थांबतात, डोकं टेकतात. आमच्यासोबत माझा शेजारी होता, जातीने मराठा, घरी गणपती, मुलाच्या आजारपणात सायबाला बोललेला नवस फेडायला आलेला. चेकनाक्यापुढच्या आंब्याखाली त्याने मला बाजूला घेऊन विचारलं, "आमका चलता काय रे?" म्हणजे आम्हालाही आशीर्वाद मिळतो का. मी उत्तर द्यायच्या आधीच तो फादरांपुढे हात जोडून उभा. फादरांनी दुसऱ्या कोणाच्याही डोक्यावर ठेवायचे तसाच हात त्याच्या डोक्यावर ठेवला. नंतर मला म्हणाले, की ख्रिस्तसभेच्या कायद्यातच तसं लिहिलंय. आशीर्वाद आधी कॅथलिकांना, पण बाकीच्यांनाही देता येतो. शेजारी मात्र रात्रीपर्यंत तक्रार करत होता की त्याच्यावर पाणी शिंपडलं नाही.

धारगळच्या पुढे ऊन चढलं आणि तरुण पोरांत वाद पेटला. विषय होता २०२३ च्या डिसेंबरात व्हॅटिकनने काढलेलं 'फिदूच्या सुप्लिकान्स' हे घोषणापत्र. समलिंगी जोडप्यांना किंवा घटस्फोटानंतर पुन्हा लग्न केलेल्यांना धर्मगुरूने आशीर्वाद द्यावा का? घोषणापत्र म्हणतं, लग्नाच्या विधीसारखं काही नको, पण कोणी येऊन मागितला तर साधा, उत्स्फूर्त आशीर्वाद देता येईल. त्यावरून जगभर गदारोळ झाला, आफ्रिकेतल्या धर्माध्यक्षांनी आम्ही देणार नाही म्हणून कळवलं, आणि मग जानेवारीत रोमने खुलासा केला की आम्ही दहा-पंधरा सेकंदांच्या आशीर्वादाबद्दल बोलतोय. पंधरा सेकंद हा आकडा त्या पोरांनी उचलून धरला. एक म्हणाला, पंधरा सेकंदांत काय होतं, ही पळवाट आहे. दुसरी म्हणाली, मग सकाळी बुटांना किती सेकंद मिळाले?

तिचं बोलणं मला पटलं. जुन्या रोमन विधिग्रंथात, पाचवा पॉल पोप असताना १६१४ मध्ये जो छापला त्याच्या नंतरच्या आवृत्त्यांत, रेल्वेसाठी, तारयंत्रासाठी, बिअरसाठी, एवढंच काय भूकंपमापक यंत्रासाठीही आशीर्वादाची प्रार्थना आहे. यंत्राने कुठलीही परीक्षा पास केलेली नसते. माणूस आला की मात्र आपण दाखले तपासायला लागतो. आणि त्याच घोषणापत्रात एक वाक्य अगदी आमच्याबद्दलचं आहे: यात्रेत, तीर्थस्थानी, रस्त्यात धर्मगुरू भेटला की लोक आपणहून आशीर्वाद मागतात. पुढच्या वळणावर फादर उभे होते, आणि त्यांच्यापुढे एक ट्रकचालक. ट्रक रस्त्याच्या कडेला चालूच. कुठला, कोणत्या धर्माचा, कोणी विचारलं नाही. इंडिकेटर लुकलुकत होता तेवढ्यात आटपलं.

कोलवाळचा पूल ओलांडून म्हापशाला पोचलो तेव्हा पायाच्या टाचेला रुपयाएवढा फोड आलेला. म्हापशात सांत जेरोमच्या चर्चमध्ये मिलाग्रिस सायबीण, म्हणजे मारिया माता, आहे. तिच्या फेस्ताला हिंदू लोकही तेल घेऊन येतात, तिला लईराई देवीची बहीण मानतात. शेजाऱ्याने तिथे तेल घातलं आणि उरलेलं माझ्या टाचेला लावायला आणलं. मी ते लावलं नाही, सेफ्टीपिन तापवून फोड फोडला.

रात्री तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, झाल्यावर घरच्यासारखी पद्धत झाली. लहानांनी मोठ्यांपुढे जाऊन हात जोडायचे आणि बेसांव मागायचं. आमच्या घरांत रोजच्या संध्याकाळी हेच चालतं. आईबाप मुलांना आशीर्वाद देतात, त्याला धर्मगुरूपदाची दीक्षा लागत नाही, प्रत्येक बाप्तिस्मा घेतलेल्याला तो अधिकार आहे. रांग संपत आली आणि जथ्यातली सगळ्यात म्हातारी बाई, नव्वदीच्या आसपासची, टेम्पोतून आलेली, खुर्चीत बसलेली होती. फादर तिच्यासमोर गेले आणि गुडघ्यावर बसले. गुडघे दुखत असणार, कारण बसताना एका हाताने जमीन धरली. "बेसांव दी गे," म्हणाले. तिने अजिबात संकोच केला नाही. केसांवरून हात फिरवला, पुटपुटली, आणि मग म्हणाली, "केस कापून घे."

तिच्यानंतर ते माझ्या शेजारी चटईवर येऊन बसले आणि आपणहून बोलू लागले. दीक्षेच्या आदल्या संध्याकाळी घरी आईवडिलांपुढे असेच गुडघे टेकले होते. दुसऱ्या दिवशी बिशपांनी तळहातांना क्रिसम तेल लावलं आणि तेच आईवडील रांगेत उभे राहून त्या हातांचं चुंबन घ्यायला आले. "एका रात्रीत हात तेच," म्हणाले, "पण वडील वाकले तेव्हा मला पळून जावंसं वाटलं." मग झेवियरबद्दल बोलले. तो रोममधल्या इग्नेशियसला, आपल्या संघाच्या संस्थापकाला, पत्रं लिहायचा ती गुडघ्यावर बसून. आणि १६१४ मध्ये त्याचा उजवा हात कोपरापासून काढून रोमला नेला, तो तिथल्या जेजू चर्चमध्ये आहे. हजारोंना बाप्तिस्मा दिलेला, आशीर्वाद दिलेला तो हात. ओल्ड गोव्याच्या चांदीच्या पेटीत तो नाहीच.

हे मला माहीत होतं, शाळेतल्या प्रत्येक पोराला माहीत असतं. तरी त्या रात्री नवं वाटलं. लाखो लोक ज्याच्याकडे आशीर्वाद मागायला जातात त्याच्याकडे आशीर्वादाचा हातच नाही, आणि कोणाचं काही अडत नाही. पोप फ्रान्सिस २०१३ मध्ये निवडून आले तेव्हा बाल्कनीत येऊन त्यांनी लोकांना आशीर्वाद देण्याआधी, आधी माझ्यासाठी प्रार्थना करा म्हणून मान खाली घातली होती. टीव्हीवर ते बघताना मला तो नव्या पोपचा नम्रपणा वाटला होता. आता वाटतं, तो विनय नसेल, नेहमीचा हिशेब असेल. देणाऱ्याकडे स्वतःचं काही नसतं, म्हणून आधी घ्यावं लागतं.

वर्गणीवाल्या धर्मगुरूवरचा राग गेला का? नाही गेला. त्यांनी वागायला नको होतं तसं, आणि त्याला ऑगस्टीनचा आधार नाही. पण पेटीवर काढलेला क्रूस त्यांच्या मालकीचा नव्हता, एवढं मात्र आता मी त्यांच्या नावावरून काढून वडिलांच्या नावावर लिहितो.

पर्वरीत उड्डाणपुलाच्या कामाची धूळ खात, मांडवी ओलांडून, रायबंदरच्या जुन्या बांधावरून एकदाचे ओल्ड गोव्याला टेकलो. सायबाची पेटी आहे त्या बाँ जेजू चर्चच्या बाजूच्या मांडवात मिस्सा चालू होती. आमचे फादर वेदीवर गेले नाहीत, आमच्यातच खाली बसले. शेवटचा आशीर्वाद आला तेव्हा मी चपला शोधल्या नाहीत. घालूनच होतो, फोडामुळे.

आणि एवढ्या हजारो लोकांना वेदीवरून एकत्र आशीर्वाद मिळाल्यावरही, मांडवाबाहेर पडताच आमच्या फादरांभोवती पुन्हा घोळका. कुवेतचा व्हिसा, मुलीचं स्थळ, दहावीचा पेपर, म्हातारीचं मोतीबिंदू. पूर्वी मला हे बघून हसू यायचं, आत्ताच तर मिळाला, किती वेळा घ्याल? मी रांगेत उभा राहिलो. माझी पाळी आली तेव्हा लक्षात आलं की मागायचं काय ते ठरवलंच नाही.

"काय रे?"

"काही नाही. असंच."

त्यांनी हात ठेवला, ओठ हलले, कपाळावर अंगठा फिरला. मग काठी बगलेतून काढत म्हणाले, "चल आता, कदंबा बस सुटतली."